उद्याच निघू या

मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. शाळेची सहल काढावयाची म्हणजे महिनाभर आधी मुलांच्या याद्या, पालकांची संमतिपत्रे, गाडीची व्यवस्था, मुक्कामाची जागा, भोजनाचा बेत, औषधांची पेटी अशी सारी सिद्धता करावी लागे. ही सवय माझ्या अंगी इतकी भिनली होती की, घरच्या माणसांबरोबर कोठे जावयाचे झाले तरी मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसत असे. आणि खरे सांगावयाचे तर, पुष्कळदा तो बेत कागदावरच राहत असे.

पुण्याहून मुंबईला आम्ही आगगाडीने अनेकदा गेलो. कामशेत मागे पडून मळवली स्टेशन जवळ आले की, माझी पत्नी खिडकीपाशी सरकून बसे आणि डोंगराकडे बोट दाखवून म्हणे, "त्या डोंगरात भाज्याची लेणी आहेत, वर लोहगड आहे, पलीकडे कार्ले आहे. एकदा इथं उतरू या ना!" मी म्हणे, "उतरू. पण असं अवचित नको. पुढच्या सुटीत नीट बेत करून येऊ." अशा कितीतरी सुट्या आल्या आणि गेल्या. कधी परीक्षांचे काम निघे, कधी पाहुणे येत, कधी पाऊस फार असे. चार वर्षांपूर्वी ती हे जग सोडून गेली. मळवलीला उतरण्याचे राहिले ते राहिलेच.

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यातील एका शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो. माझा नातू सातवीत शिकतो. तो वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण घेऊन माझ्याजवळ आला. त्या वर्षी जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ती बातमी त्यात होती. त्यांतील अकरा किल्ले महाराष्ट्रात आणि जिंजी हा एक तमिळनाडूत आहे.

"आजोबा, यातला लोहगड आपल्याला जवळ, हो ना? मळवलीला उतरून चालत जाता येतं म्हणे. आपण कधी जाऊ या?"

माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "जाऊ, पुढच्या सुटीत नीट बेत करून—"

आणि मी थबकलो. ते शब्द माझे मलाच ओळखीचे वाटले. क्षणभर आगगाडीची ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी वाक्य पुरे केले नाही. मी म्हणालो, "उद्याच निघू या."

नातू माझ्याकडे पाहतच राहिला. त्याची धाकटी बहीण चौथीत आहे. तिने टाळ्या पिटल्या. सूनबाई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काळजीच्या स्वरात म्हणाल्या, "बाबा, असं एकाएकी? राहायचं कुठं? पाऊस आला तर? दोन मुलांना घेऊन तुम्ही एकटे!"

मला हसू आले. हेच प्रश्न मी आयुष्यभर इतरांना विचारत आलो होतो. परंतु ते प्रश्न खोटे नव्हते, हेही मला ठाऊक होते. म्हणून मी म्हणालो, "बेत करायला महिना लागतो, पण तयारी अर्ध्या तासात होते. आपण ती करू."

आणि आम्ही ती केली. तीन पिशव्या काढल्या. प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, पावसाळी अंगरखा, पाण्याची बाटली, विजेरी, मलमपट्टीचे थोडे सामान आणि माझ्या नेहमीच्या गोळ्या एवढेच त्यांत घेतले. सूनबाईंनी सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शेवटी एका कागदावर आम्ही कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार आणि रविवारी रात्री किती वाजेपर्यंत परतणार, हे लिहून तो कागद मुलाच्या हाती दिला. अचानक निघणाऱ्याने एक वेळ कपडे कमी घेतले तरी चालेल; पण आपण कोठे आहोत हे घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

शनिवारी मुलांची सकाळची शाळा सुटताच आम्ही पुणे स्टेशन गाठले. आणि तेथेच बेताविना निघण्याचा पहिला धडा मिळाला. लोणावळ्याची लोकल नुकतीच सुटून गेली होती. दुपारच्या वेळी या मार्गावर गाड्या थोड्या असतात. पुढच्या गाडीला दोन तासांहून अधिक अवकाश होता. वेळापत्रक पाहावयास पाच मिनिटेही लागली नसती. पण निघण्याच्या उत्साहात ते मी पाहिले नव्हते. चूक माझी होती आणि मी ती मुलांपाशी कबूल केली. फलाटावरील बाकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. नातवाने वेळ घालवण्यासाठी मार्गावरील स्टेशनांची नावे पाठ केली. शिवाजीनगर, खडकी, दापोडी असे करीत तो तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मळवलीपर्यंत पोहोचला, तेव्हा कोठे गाडी लागली.

मळवलीला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाऊस थांबला होता, पण हवेत ओलावा होता. इंद्रायणीच्या खोऱ्यात भातखाचरे हिरवीगार डोलत होती आणि बांधांवर सोनकीची पिवळी फुले व तेरड्याची गुलाबी फुले दाटीने उमलली होती. भाज्याच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा खाली झेपावत होत्या. मी काही क्षण फलाटावर नुसताच उभा राहिलो. जी जागा मी गाडीच्या खिडकीतून इतकी वर्षे पाहिली, तेथे माझे पाय आज प्रथमच लागले होते. नातीने माझा हात ओढला, "चला ना आजोबा, लेणी बंद होतील!"

पायऱ्या चढून आम्ही भाज्याच्या लेण्यांपाशी पोहोचलो. पहारेकरी म्हणाला, "बाबा, लवकर पाहून घ्या. थोड्याच वेळात बंद करायचं आहे." येथे एकूण बावीस लेणी आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्यांचे काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाले असे मानतात. म्हणजे बावीसशे वर्षांच्या आसपासचा हा काळ. येथील चैत्यगृह पाहून नातवाने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, हे खांब वाकडे का? कारागिरांचं चुकलं का?"

त्याची दृष्टी नेमकी होती. भाज्याच्या चैत्यगृहातील खांब सरळ उभे नाहीत. ते किंचित आत कललेले आहेत. मात्र ही चूक नाही. त्या काळी अशी सभागृहे लाकडाची बांधीत. कमानदार छताचा भार बाहेरच्या बाजूस रेटा देतो. म्हणून लाकडी खांब थोडे आत कललेले उभे करीत. पुढे कारागीर दगडात लेणे खोदू लागले. दगडात खोदलेल्या खांबाला असा रेटा सोसावा लागत नाही, कारण छत आणि खांब एकाच खडकाचे असतात. तरीही हाताची आणि डोळ्यांची जुनी सवय त्यांनी सोडली नाही. लेण्याच्या दर्शनी भागाची मूळची लाकडी भिंत आता नाहीशी झाली आहे. ती जेथे बसवली होती, तेथील खोबणी मात्र दगडात अजून दिसतात.

"म्हणजे सवय दोन हजार वर्षं टिकते!" नातू म्हणाला.

मी मनात म्हणालो, 'खरे आहे, बाळ. आणि सगळ्याच सवयींची गरज टिकतेच असे नाही.'

बाजूच्या लेण्यात एका स्त्रीचे शिल्प आहे. ती दोन वाद्ये वाजवीत आहे आणि शेजारी दुसरी स्त्री नृत्य करीत आहे. ते पाहून नातीने आपल्या बोटांनी हवेतच ठेका धरला. तिच्या शाळेतील तबल्याचा तास तिला आठवला असावा. तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली आणि आम्ही खाली उतरलो.

आता खरा प्रश्न उभा राहिला. मुक्काम कोठे करावयाचा? पावसाळ्यातला शनिवार. पुण्या-मुंबईची माणसे आदल्या आठवड्यातच जागा ठरवून आलेली. पहिल्या ठिकाणी विचारले, जागा नव्हती. दुसऱ्या ठिकाणी विचारले, तेथेही नव्हती. अंधार पडू लागला. नात काही बोलत नव्हती. पण तिने माझे बोट अधिक घट्ट धरले होते. सूनबाईंचा "राहायचं कुठं?" हा प्रश्न माझ्या कानांत घुमू लागला. निघताना एक दूरध्वनी केला असता, तर ही वेळ आली नसती. मी मनाशी ठरवले की, आणखी एका घरी विचारावयाचे. तेथेही सोय झाली नाही तर मळवलीला जाऊन मिळेल त्या गाडीने घरी परतावयाचे. मुलांची हौस मोठी, हे खरे. पण मुलांना रात्री रस्त्यावर घेऊन हिंडण्याइतकी कोणतीच हौस मोठी नसते.

पायऱ्यांच्या खाली एक बाई चहाची टपरी आवरीत होत्या. त्यांना मी विचारले. त्यांनी आधी मुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कुठनं आला, बाबा?"

"पुण्याहून."

"आन् जागा न ठरवता आलात? एवढ्या वयात?"

मी मान खाली घातली. छत्तीस वर्षांत मुलांना जे मी विचारत आलो, ते आज मला कोणीतरी विचारीत होते. बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "पोराची खोली रिकामी हाय. तो कामाला चाकणला असतो. चला घरी."

त्यांच्या घरी त्या रात्री आम्ही चुलीवरची भाकरी, पिठले आणि वाफाळलेला भात जेवलो. भाताचा सुगंध घरभर दरवळला होता. "हा कुठला तांदूळ, मावशी?" नातवाने विचारले. "आपल्या शेतातला. इंद्रायणी," बाई म्हणाल्या. इंद्रायणी तांदळाचे हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले आणि मावळातल्या खाचरांत ते चांगले रुजले. दुपारी जी नदी पाहिली, तिचेच नाव आता ताटात होते, याची मुलांना मोठी मौज वाटली. सकाळी निघताना मी पैसे पुढे केले. बाईंनी जेवणाचे घेतले, खोलीचे घेईनात. शेवटी मी ते नातीच्या हाती दिले आणि तिने ते देवापुढे ठेवले, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

रविवारी उजाडताच आम्ही लोहगडाची वाट धरली. भाज्याहून वर चढणारी वाट गायमुख खिंडीत जाते. खिंडीच्या एका अंगास विसापूर आणि दुसऱ्या अंगास लोहगड असे हे दोन किल्ले शेजारी-शेजारी उभे आहेत. मी साठी उलटलेला माणूस. दर वळणावर थांबत होतो. नातू पुढे धावे, नात माझ्याबरोबर थांबे. खिंडीपर्यंत पोहोचावयास आम्हांस दोन तासांहून अधिक वेळ लागला.

लोहगडाला ओळीने चार दरवाजे आहेत : गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. वाट नागमोडी वळत एकेका दरवाजातून वर जाते. शत्रूने पहिला दरवाजा फोडला, तरी पुढच्या वळणावर तो वरच्या तटबंदीच्या माऱ्यात सापडावा, अशी ही रचना आहे. शिवाजी महाराजांनी १६४८ साली हा किल्ला स्वराज्यात आणला. १६६५ साली पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगडही होता. पाच वर्षांनी, म्हणजे १६७० साली, तो महाराजांनी पुन्हा जिंकून घेतला.

"तहात दिला म्हणजे हरले ना?" नातवाने विचारले.

"त्या दिवशी मागं सरले," मी म्हणालो. "मागं सरणं आणि हरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले होते. दुपार होण्याच्या आतच ते मला स्वतःला वापरावे लागणार होते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

गडाचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. वर पाण्याची टाकी आणि तळी आहेत. त्यांतील एक मोठे तळे पेशवाईच्या काळात नाना फडणीसांनी बांधून घेतले. दक्षिणेस पवना धरणाचे विस्तीर्ण पाणी आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना हे किल्ले दिसत होते. परंतु नातवाचे लक्ष दुसरीकडेच होते. गडाची एक लांबलचक, अरुंद सोंड विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली आहे; तिला विंचूकाटा म्हणतात. तेथे जावयाचे म्हणजे माथ्यावरून खडकाचा एक टप्पा उतरून मग सोंडेवर चालत जावे लागते. नातवाने घरून निघतानाच सांगून ठेवले होते, "काहीही झालं तरी विंचूकाट्याच्या टोकापर्यंत जायचंच."

आम्ही त्या टप्प्याच्या वर पोहोचलो आणि पवनेच्या बाजूने धुके वर चढू लागले. पाहता पाहता तुंग दिसेनासा झाला, तिकोना दिसेनासा झाला आणि विंचूकाट्याचे टोक पांढऱ्या पडद्याआड गेले. खालचा खडक शेवाळाने निसरडा झालेला होता.

"आजोबा, मी एकटा पटकन जाऊन येतो. तुम्ही दोघं इथंच थांबा," नातू म्हणाला आणि तो उतरू लागलासुद्धा.

मुलांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले, ते मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याला थांबवावे असे मला प्रथम वाटले नाही. मला वाटले, 'जाऊ दे. किती दिवस पुढे ढकलावयाचे? आज राहिले तर पुन्हा येणे होईल की नाही, कोणास ठाऊक!' शुक्रवारी संध्याकाळी ज्या विचाराने मला घराबाहेर काढले, तोच विचार आता मला कड्याकडे ओढत होता. तेव्हा तो विचार खरा होता. मग आता तो खोटा कसा?

जवळच एक म्हातारा गुराखी घोंगडीची खोळ घेऊन बसला होता. तो आमच्याकडे पाहत शांतपणे म्हणाला, "धुकं काय, येतं नि जातं. कडा मात्र हाय तिथंच असतो."

मी भानावर आलो. "वर ये," मी नातवाला म्हणालो. तो थांबला, पण वळला नाही. "बाळ, वर ये. आपण आज पुढं जायचं नाही."

वर्गात मी कधी आवाज चढवत नसे. तेथेही चढवला नाही. तो वर आला. त्याचे डोळे भरले होते. "तुम्हीच म्हणालात ना, उद्याच निघू या! आणि आता म्हणता, नाही जायचं!"

त्याला उत्तर देणे अवघड होते. कारण त्याच्या प्रश्नात तथ्य होते. मी त्याला जवळ बसवले आणि म्हणालो, "मी पुष्कळ वर्षं आळसाला आणि भीतीला 'बेत' असं नाव देत होतो. ती माझी चूक होती. म्हणून शुक्रवारी मी निघालो. पण आज समोर कडा आहे, खडक ओला आहे आणि वाट दिसत नाही. याला पुढं ढकलणं म्हणत नाहीत. याला डोळे उघडे ठेवणं म्हणतात. निघायला धैर्य लागतं, तसंच परत फिरायलाही लागतं."

तो काही बोलला नाही. बहिणीने आपल्या पिशवीतील गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने त्याने तो तोंडात टाकला.

आम्ही गड उतरून लोहगडवाडीपाशी आलो आणि धुके विरले! मागे वळून पाहिले तो विंचूकाटा उन्हात लख्ख दिसत होता. नातू म्हणाला, "आजोबा, आणखी थांबलो असतो तर दिसला असता."

"हो, दिसला असता," मी म्हणालो. खोटे समाधान देण्यात अर्थ नव्हता. "पण तो विरेल की नाही, हे आपल्याला वर असताना ठाऊक नव्हतं. जे ठाऊक असतं, त्यावरूनच निर्णय घ्यावा लागतो."

दुपारी आम्ही कार्ल्याला गेलो. पायऱ्या चढून वर गेले की एकवीरा देवीचे मंदिर आणि त्याला लागूनच ते भव्य चैत्यगृह दिसते. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच असे हे सभागृह एका अखंड खडकात खोदलेले आहे. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. छताला लाकडाच्या कमानी आहेत. त्या मूळच्याच असून इतकी शतके टिकून राहिल्या आहेत.

भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. तेथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असा एका लेखाचा आशय आहे. परंतु केवळ धनिकांचीच नावे येथे नाहीत. धेनुकाकट या गावच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव येथे आहे. त्याच गावच्या एका सुताराचेही आहे.

"सुताराचं नावसुद्धा दोन हजार वर्षं राहिलं!" नातू आश्चर्याने म्हणाला. त्याचा रुसवा आता पार पळाला होता. "आजोबा, हे सगळं किती दिवसांत खोदलं असेल?"

"दिवसांत नव्हे, पुष्कळ वर्षांत. वरून खाली खोदत यायचं. एक घाव चुकला तर तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. त्यांना बेत करावाच लागला. सहलीला निघायला मात्र एवढा बेत लागत नाही, हे मला उशिरा समजलं."

संध्याकाळच्या लोकलने आम्ही परत निघालो. गाडी मळवलीहून सुटली, तेव्हा नात खिडकीपाशी सरकून बसली आणि डोंगराकडे बोट दाखवीत म्हणाली, "ती बघा आपली लेणी! आणि तो आपला गड!"

'आपला' हा शब्द ऐकून माझे मन भरून आले. तिची आजी याच बाजूला पाहून, याच डोंगराकडे बोट दाखवीत असे. मी मुलांना ती गोष्ट तेव्हा प्रथमच सांगितली. दोघेही गप्प बसून ऐकत होती. मग नातवाने आपली वही काढली आणि विचारले, "विंचूकाटा राहिला आहे. पुन्हा कधी यायचं?"

माझ्या ओठांवर जुने उत्तर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "तारीख लिही."

त्याने डिसेंबरमधील एक रविवार लिहिला. खाली त्याने आणखी तीन ओळी लिहिल्या : गाडीची वेळ पाहणे. मावशींना आधी कळवणे. धुके असेल तर परत फिरणे.

घरी पोहोचलो तेव्हा कागदावर लिहिलेल्या वेळेला दहा मिनिटे कमी होती. मुलगा दारातच उभा होता. त्याच्या हातात तो कागद होता.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "उद्याच निघू या" असे आजोबा का म्हणाले?
(आ) भाज्याच्या चैत्यगृहातील खांब आत कललेले का आहेत?
(इ) लोहगडाचे चार दरवाजे नागमोडी वाटेवर असल्याने गडाचे रक्षण कसे होई?

२. आजोबांनी निघण्यापूर्वी कोणती तयारी केली आणि कोणती करावयाची राहिली? त्याचा परिणाम काय झाला ते लिहा.

३. "धुकं काय, येतं नि जातं. कडा मात्र हाय तिथंच असतो." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. नातवाला परत बोलावण्याचा आजोबांचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो का? नातवाच्या बाजूनेही विचार करून आपले मत सकारण मांडा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अंगी भिनणे, भानावर येणे, नाइलाज होणे, मन भरून येणे.

६. तुमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल, असे एखादे ठिकाण निवडा. तेथे उद्याच निघावयाचे झाले तर अर्ध्या तासात तुम्ही काय काय तयारी कराल, ते दहा ओळींत लिहा.